गयाबाईचा काटा

गयाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे, अंग आपसूक उठायचं. चूल पेटवायची, नवऱ्याच्या डब्याच्या पोळ्या लाटायच्या, अंगणात सडा टाकायचा आणि उजाडता उजाडता भिलाईतल्या रुआबांध्याच्या वस्तीतून पायीच दवाखान्याच्या रस्त्याला लागायचं. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात ती आया होती. बाकीच्या आया पहिली पाळी टाळायला बघत, कारण रोग्यांची अंगं पुसणं, चादरी बदलणं, भांडी धुणं, सगळं सकाळीच असतं. गयाबाई पहिली पाळी मागून घ्यायची. काम असेल तेव्हा हजर राहावं, नसेल तेव्हा घरी जावं, असं तिचं मत.

नवरा केवलराम कारखान्यात खलाशी होता. दोरखंड आणि साखळ्या लावून जड यंत्रं जागेवर बसवायची, हे त्याचं काम. कोणी बायकोबद्दल विचारलं की म्हणायचा, "मी मशीन उचलतो, हे मानसं उचलते. तिचं काम भारी. मशीन कण्हत नाई."

भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन भिलाईत आली तेव्हा गयाबाई आधी रेजा होती. सेक्टरांची क्वार्टरं उभी राहत होती. डोक्यावर विटा वाहायच्या, सिमेंटच्या मसाल्याची घमेली वर पोचवायची. एका क्वार्टरची मागची भिंत पडली. मिस्त्रीने पुन्हा बांधली, पुन्हा पडली. मिस्त्री सिमेंटला शिव्या देई, ठेकेदार मिस्त्रीला. तिसऱ्या वेळी पाया उकरला तर कुदळीला ओल लागली. शेजारचा नळ जमिनीखालून झिरपत होता. गयाबाईला पुढे ती भिंत आठवायची ती डोक्यावरच्या विटांमुळे. त्याच विटा, तोच जिना, तोच घाम, आणि भिंत एकच.

दवाखान्यात लागल्यावर तिला तशीच एक भिंत भेटली. तिचं नाव देवाजी.

देवाजी तिच्याच भागातला माणूस. उंचापुरा, मिशाळ, आवाज खणखणीत. सारी उमर पोलाद वितळवायच्या भट्टीसमोर गेली. छातीचा आजार जडल्यावर कारखान्याने त्याला हलकं काम दिलं होतं, टूल रूममध्ये बसून पाने-हातोडे वाटायचं. पण दर महिन्या-दीड महिन्याने तो वॉर्डात यायचाच. यायचा तेव्हा चेहरा निळसर, पाय सुजलेले, आडवं होता येत नाही, उशाशी चार उशा लावून बसलेला. इंजेक्शनं व्हायची, पाणी उतरायचं, आठवड्याभरात माणूस ताठ. जाताना सगळ्यांना रामराम घालून, मिशीला पीळ देऊन निघायचा. महिना सरला की पुन्हा तीच खाट.

वॉर्डात त्याला जावई म्हणत. "जावई आले, गादी झटका," असं सिस्टर म्हणायची आणि देवाजीही दम लागलेला असताना हात जोडून म्हणायचा, "मान ठेवा पोरीहो."

गयाबाई हसायची नाही. चादर बदलता बदलता तिला वाटायचं, आपण मागच्या महिन्यात याचं अंग पुसलं, याला धरून बसवलं, याच्या पायांना उशी दिली, ते सगळं कुठे गेलं? भिंत पुन्हा पडलीच ना?

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई साधना नागपूरच्या होत्या. वयाने लहान, पण रोग्याच्या खाटेवर बसून बोलणाऱ्या. त्यांनी देवाजीला आणि त्याच्या बायकोला, मथुराला, अनेकदा समजावलं होतं. हृदय म्हणजे पंप. पंप कमजोर झाला की पाणी साचतं, आधी पायात, मग छातीत. मीठ त्या पाण्याला धरून ठेवतं. म्हणून मीठ बंद. लोणचं नाही, पापड नाही, सुकटी नाही. गोळी रोज घ्यायची, लघवी जास्त झाली तरी घ्यायची. दोघंही मान हलवत. दोघंही शपथेवर सांगत की सगळं पाळतो. तरी महिन्याने खाट भरायचीच.

एका खेपेला डॉक्टरीणबाई गयाबाईला व्हरांड्यात म्हणाल्या, की प्रत्येक वेळी पंप थोडा आणखी झिजतो. असाच येत राहिला तर एखाद्या वेळी उठणार नाही.

देवाजीला हे ठाऊक असावं. पुढच्या वैशाखात त्याला अठ्ठावन्न वर्षं पुरी होत होती. भिलाईत निवृत्तीची एक रीत होती. शेवटच्या दिवशी पाळी सुटली की सोबतीचे लोक माणसाला हार घालत, गुलाल लावत आणि गेटापासून घरापर्यंत बाजा वाजवत नेत. बायको-पोरं गेटावर उभी असत. देवाजीने कितीतरी जणांना असं पोचवलं होतं, बाजासमोर नाचलाही होता. अंग पुसताना एकदा तो गयाबाईला म्हणाला, "बाई, मले दुसरं काई नको. मले गेटातून आपल्या पायानं बाहेर पडायचं हाय. स्ट्रेचरवर हार घातलेला मानूस पाहिला का तू? मी पाहिला."

त्या दिवसापासून गयाबाईने त्याची निवृत्ती अंगावर घेतली.

तिचा पहिला संशय मथुरावर गेला. चुकीचा होता, पण तो तिथेच जाणं साहजिक होतं. घरात हात बायकोचा, मीठही बायकोचंच. मथुरा डबा घेऊन आली तेव्हा गयाबाईने तिला नळापाशी गाठलं.

"वैनी, राग नका मानू. तुमचा हात खारट हाय का?"

"म्हंजे?"

"म्हंजे भाऊ इथं अळणी खाऊन बरे होतेत. घरी गेले का फुगतेत. इथून घरापर्यंतच्या वाटेत तं मिठाची खान नाई."

मथुराने डब्याचं झाकण उघडलं, वरण-भाताचा घास कालवला आणि गयाबाईसमोर धरला. गयाबाईने तो खाल्ला. भिंतीचा गिलावा चाटल्यासारखा लागला.

"वर्स झालं, मी बी हेच खाऊन राहिली," मथुरा म्हणाली. "एका घरात दोन भाज्या कशा करू? त्याहिच्या नाकात फोडणीचा वास जाते. आता बोल."

गयाबाईने तोंडातला घास पुरा गिळला.

देवाजी घरी गेल्यावर सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या क्वार्टरवर गेली. माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून घरच्या वेलाचे दोडके नेले. ऊन चांगलं तापलं होतं. देवाजी दारातच खाटेवर बसला होता. वॉर्डातून घरी गेलेल्या कुठल्याही रोग्यासारखा तोही गळालेला दिसत होता, कारण पाणी उतरवायच्या गोळ्या माणसाला पार पिळून काढतात. तरी गयाबाईला पाहून उठला. "उन्हातून आली. बस. मथुरा, तू राहू दे, मीच देतो."

तो आत गेला. तांब्या खळखळला. त्याने पितळी गिलास भरून आणला, आपल्यासाठीही एक. "पे. भट्टीचं पानी हाय. एका घोटात थकवा जाते."

गयाबाईने घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. लिंबू होतं, साखर नावापुरती होती आणि बाकी समुद्र होता.

"भाऊ, हे काय?"

"सांगितलं ना, भट्टीचं पानी." देवाजीने आपला गिलास एका दमात संपवला आणि मिशी पुसली. भट्टीसमोर माणूस घामाने निथळतो, घामातून मीठ जातं, मग हातपाय वळतात, चक्कर येते. म्हणून कारखान्यात त्यांना मिठाचं पाणी द्यायचे, मिठाच्या गोळ्याही द्यायचे. नव्या पोराला पहिल्या दिवशी उस्ताद दोनच गोष्टी शिकवायचा, भट्टीकडे पाठ करायची नाही आणि तहान लागायच्या आधी हे पाणी प्यायचं. देवाजी ते उमरभर प्याला आणि उमरभर उभा राहिला. आता दवाखान्यातून आलं की पायात जोर नसतो. मग सकाळी एक, दुपारी एक, कामावरून आल्यावर एक.

"अवो, पन मीठ बंद हाय ना तुमचं?"

"बंदच हाय. विचार मथुरेले. जेवनात चिमूट नाई."

"अन हे?"

देवाजीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "हे जेवन हाय का? हे तं औषध हाय."

मथुरा दारात उभी होती. तिने कपाळाला हात लावला आणि मटकन खाली बसली. लिंबं तीच चिरून द्यायची. अळणी वरण गिळत, नवऱ्याला ताकद यावी म्हणून, स्वतःच्या हाताने लिंबं चिरून द्यायची. तिच्याही मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गयाबाईने हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना खाण्याचं विचारलं, त्यांनी खाण्याचं सांगितलं. खोटं कोणीच बोललं नाही." त्या दिवसापासून भट्टीवरून आलेल्या प्रत्येक रोग्याला त्या आधी विचारू लागल्या, की बाबा, पितोस काय? आणि एक गोष्ट त्यांनी गयाबाईच्या कानावर घातली. देवाजीचं रोज सकाळी वजन झालं पाहिजे. पाणी साचू लागलं की सूज दिसायच्या आधी वजन वाढतं. एकदम किलो-दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी सरळ आपल्याकडे यायचं. वेळेत आला तर खाट लागणार नाही.

पण देवाजी ऐकेना. डॉक्टरीणबाईंसमोर मान हलवली आणि घरी येऊन लिंबू मागितलं. मथुराने दिलं नाही, तर नुसतं मीठ पाण्यात घालून प्याला. गयाबाई गेली तेव्हा तो खवळलेलाच होता. बाईमाणसांनी आपल्याला भट्टीचं ज्ञान शिकवू नये, म्हणाला. ज्या पाण्यावर आपण एवढी वर्षं आगीसमोर काढली ते पाणी एका दिवसात वैरी कसं होईल?

गयाबाईने वाद घातला नाही. तिने विचारलं, "भाऊ, भट्टीतलं पोलाद तयार झालं हे तुमाले कसं समजे? डोळ्यानं पाहून?"

"डोळ्यानं अंदाज येते. पन नुसत्या डोळ्यावर कोन भट्टी फोडून पोलाद सोडते? पळीनं नमुना काढा लागते. नमुना प्रयोगशाळेत जाते. तिथून निरोप आला का मंग."

"अन मोठ्या उस्तादानं म्हनलं, तयार हाय, नमुना नको, तं?"

"कोनीबी म्हनो. नमुन्याबिगर भट्टी फोडत नसतेत."

"मंग तुमचा नमुना घेऊ. पानी बंद आठवडाभर. रोज वजन. मंग तुमीच सांगा कोन खरं."

देवाजी बराच वेळ मिशी चावत बसला. आपल्याच कायद्यात सापडलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? शेवटी म्हणाला, "काटा कुठं हाय?"

हाच खरा प्रश्न होता. घरी वजनाचा काटा त्या काळी कोणाकडे होता? दुर्ग स्टेशनवर पैसे टाकून वजन करायचं यंत्र होतं, पण रोज सकाळी दुर्गला कोण जाणार? गयाबाईला वस्तीच्या तोंडाशी असलेला ओमप्रकाश कबाडी आठवला. त्याच्याकडे भंगार तोलायचा मोठा काटा होता, माणूस सहज उभा राहील असा. ओमप्रकाश पोटाने मोठा आणि मनानेही. बोहनीच्या आधी फुकट तोलून देईन म्हणाला. फक्त चाचांनी काट्यावर तंबाखू थुंकू नये.

दुसऱ्या सकाळपासून देवाजी कामावर जाता जाता भंगारात उभा राहू लागला. एका बाजूला मोडके पंखे, दुसऱ्या बाजूला सायकलींच्या रिंगा, मध्ये देवाजी, छाती काढून.

"चाचा, किस भाव में दूँ?" ओमप्रकाश वजनं सरकवत विचारायचा. "लोहे के, कि पीतल के?"

"इस्पात का भाव लगा. भिलाई का माल है."

"माल तो पुराना है, चाचा. जंग लगा है."

आजूबाजूचे हसत. देवाजीही हसे. पण आकडा ऐकल्याशिवाय उतरत नसे.

दोन-तीन दिवस काटा जागचा हलला नाही. मग हळूहळू खाली येऊ लागला. चपलेचा पट्टा एक भोक आत गेला. रात्री दोन उशांवर झोप लागू लागली. आणि ज्या अशक्तपणासाठी तो मिठाचं पाणी प्यायचा, तो अशक्तपणाही कमी झाला, हे त्याला कबूल करायला जड गेलं. आठवडा सरला तेव्हा त्याने जाहीर केलं की नमुना अर्धाच झाला. उरलेला अर्धा आता होणार. संध्याकाळी त्याने भट्टीचं पाणी मोठा तांब्याभर केलं आणि मथुराच्या समोर अर्धा तांब्या प्याला.

सकाळी काट्यावर उभा राहिला. ओमप्रकाशने वजनं सरकवली, पुन्हा सरकवली आणि म्हणाला, "चाचा, रात में लोहा खाया क्या?"

देवाजी कामावर जायच्याऐवजी माघारी वळला. घरी आला. तांब्यात काल राहिलेलं पाणी होतं. तो तांब्या घेऊन अंगणात आला आणि ओतायला तुळशीपाशी वाकला. स्वयंपाकघरातून मथुरा ओरडली, "अवो, तुळशीत नका टाकू ते. मरन ना!"

देवाजीचा हात तसाच थांबला. त्याने तुळशीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मग मथुराला म्हणाला, "तुळस मरते म्हनते. अन मले लिंबू पिळून देत होती तू."

"मले काय माहीत, बापा."

"मले बी नव्हतं." त्याने पाणी नालीत ओतलं. तांब्या राखेने घासून ठेवला. त्या घरात भट्टीचं पाणी पुन्हा झालं नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वॉर्डात जावयाची गादी दुसऱ्यांना मिळू लागली. सिस्टर विचारायची, जावई रुसले का? गयाबाई म्हणायची, नांदायला गेले. मधे दोनदा वजन चढलं. एकदा लघवीच्या भीतीने लग्नाच्या वरातीच्या दिवशी गोळी टाळली होती म्हणून, एकदा घरी आलेल्या खऱ्या जावयाच्या पाहुणचारात पापड झाले म्हणून. दोन्ही वेळा तो त्याच दिवशी दवाखान्यात गेला, गोळी वाढवून घेऊन घरी आला. काट्याशी त्याची लबाडीही चाले. एकदा गयाबाई ड्युटीवर जाताना पाहते तर देवाजी टोपी काढून, खिशातली चुनाडबी बाजूला ठेवून, बुटाबिगर काट्यावर चढलेला.

"भाऊ, मिशी बी काढून ठेवा," ती रस्त्यावरूनच म्हणाली. "पावशेर निघन."

वैशाख आला. महिनाअखेरीला देवाजीची निवृत्ती होती. नेमक्या त्याच आठवड्यात गयाबाई ड्युटीवरून परतताना ओमप्रकाशने तिला हाक मारली. "बाई, चाचा दो दिन से नहीं आए. कहीं बाहर गए क्या?"

गयाबाई घरी गेलीच नाही. तशीच वळली.

देवाजी खाटेवर बसला होता. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि त्याच्या पायांवर चादर होती.

"थंडी वाजून राहिली का, भाऊ?"

"नाई. माश्या बसतेत."

गयाबाईने चादर उचलली. नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मथुरा तोंडाला पदर लावून उभी होती. निरोपाचे दिवस होते. टूल रूमवाल्यांनी समोसे खाऊ घातले होते, जुन्या भट्टीवाल्यांनी चिवडा आणि लोणचं, युनियनवाल्यांनी आणखी काही. प्रत्येकाचं मन राखता राखता पाय सुजले होते.

"काट्यावर कावून नाई आले?"

"काटा बोलते," देवाजी खाली पाहत म्हणाला. "मले आता कोनी बोललेलं नको. चार दिवस राहिले. आता गेलो का ते बाई मले गादीवर निजवतीन. मंग हार कोनाच्या गळ्यात घालतीन?"

"गळा राहीन तवा घालतीन ना."

देवाजीने चादर पुन्हा पायांवर ओढली.

"दम लागून राहिला का?" तिने विचारलं.

"नाई. अजून नाई."

"मंग हाच टाइम हाय. दम लागल्यावर गेले तं गादी. आज गेले तं सुई. डॉक्टरीणबाईनं कबूल केलं हाय, वेळेवर आला तं निजवत नाई. दोन खेपेले खरं केलं का नाई?"

"अन या खेपेले नाई केलं तं?"

खोटी हमी द्यायची गयाबाईला सवय नव्हती. ती म्हणाली, "तं मी स्वतः हार घेऊन वॉर्डात येईन. पन इथं बसून राहिले तं मी येनार नाई. मेलेल्या मानसाले हार घालाले माह्याजवळ टाइम नाई."

मथुराने देवाजीचे बूट आणून त्याच्या पायापाशी ठेवले. बूट चढेनात. मग चपला आणल्या. केवलराम तोवर बायकोला शोधत आला होता. सायकलवर बसवून नेता का, असं गयाबाईने त्याला विचारलं तर त्याने देवाजीला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "एवढं वजन आमी क्रेनबिगर उचलत नाई." तो रिक्षा घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सिस्टरने सवयीने गादी झटकायला घेतली होती. बाईंनी तिला राहू द्या म्हटलं. इंजेक्शन दिलं आणि देवाजीला बाहेरच्या बाकावर बसवलं. संडासाच्या आणि बाकाच्या मधे देवाजीच्या एवढ्या फेऱ्या झाल्या की शेजारचा रोगी म्हणाला, भाऊ, तुम्ही तिकडेच खाट टाका. दिवेलागणीच्या आधी त्याला पुन्हा तोललं, श्वास ऐकला, गोळी वाढवून दिली आणि दोन दिवसांनी या म्हणून घरी पाठवलं. परत येताना रिक्षात देवाजीने मथुराला एवढंच विचारलं, की सदऱ्याला इस्त्री केली का?

शेवटच्या दिवशी पाळी सुटली तेव्हा मथुरा नवं लुगडं नेसून गेटावर उभी होती. तिच्या शेजारी गयाबाई, ड्युटीच्या कपड्यांतच. आत जुन्या भट्टीवाल्यांनी टेबल मांडलं होतं. गळ्यात हार पडले, गुलाल उडाला. कोणीतरी मोठ्या प्रेमाने गिलास पुढे केला. उस्ताद, आपलं भट्टीचं पाणी, शेवटचा घोट. देवाजीने गिलास हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग तो समोरच्या घामेजल्या जवान गड्याच्या हातात दिला.

"हे भट्टीसमोर उभं राहते त्याचं पानी हाय. तू पे. मी आता घरचा मानूस."

आणि तो आपल्या पायांनी गेटाबाहेर आला. बाजा सुरू झाला. बाजासमोर तो नाचला नाही, डॉक्टरीणबाईंनी मना केलं होतं. पण मिशीला पीळ देत घरापर्यंत चालत गेला, मधे दोनदा थांबून. केवलराम त्याच्या वाट्याचंही नाचला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण डॉक्टरीणबाईंना सवय लागली. रुआबांध्याकडचा कोणी रोगी वॉर्डात पुन्हा पुन्हा येऊ लागला की त्या गयाबाईला म्हणायच्या, घरी जाऊन ये, काय पितात-खातात ते पाहून ये आणि काट्यावर उभं कर. गयाबाई जायची. कोणाच्या घरी गोळ्या देवळीत तशाच साचलेल्या सापडत, कोणाच्या घरी म्हातारी आणि तिची सून यांच्यात गोळी कोणी द्यायची यावरच बोलणं बंद असे. ओमप्रकाशच्या दारात सकाळी रांग लागू लागली. शेवटी एक दिवस तो हात जोडून म्हणाला, "बाई, सारा मोहल्ला तौल लिया. अब मेरा कबाड़ कब तौलूँ?" त्याचं म्हणणं रास्त होतं.

गयाबाई पगारातून गेली कित्येक वर्षं एकदाणीसाठी पैसे बाजूला टाकत होती. गळ्यात सोन्याच्या मण्यांची एकदाणी घालून माहेरी जायचं, असं तिने रेजा असताना ठरवलं होतं. त्या रविवारी ती केवलरामला घेऊन दुर्गच्या बाजारात गेली. सराफाच्या दुकानावरून दोघं पुढे गेली तेव्हा केवलराम थबकला. "दुकान मागं राहिलं वं."

"माहीत हाय," गयाबाई म्हणाली आणि चालत राहिली.

काटा हातठेल्यावरून गयाबाईच्या घरी आला. माणूस उभा राहील असा, नवा कोरा, काळ्या रंगाचा. व्हरांड्यातली फरशी एका बाजूला कलली होती. केवलरामने पाणसळ लावून पाहिली, खाली पत्र्याचे तुकडे सारले, पुन्हा पाहिली, बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत हलला नाही. मोठमोठी यंत्रं बसवणाऱ्या खलाशाने बायकोचा काटाही तेवढ्याच मेहनतीने बसवला.

पहिला मान देवाजीचा. तो आला, टोपी काढली, चुनाडबी बाजूला ठेवली.

"टोपी घाला, भाऊ," गयाबाई म्हणाली. "हा काटा आपला हाय. याच्यावर लबाडी नाई चालत."

देवाजीने टोपी घातली आणि छाती काढून उभा राहिला. गयाबाईने वजन सरकवलं. केवलराम उंबऱ्यावर बसून पाहत होता. पगारातून दर महिन्याला थोडी थोडी घडत आलेली एकदाणी अशी व्हरांड्यात येऊन बसली होती, लोखंडाची होऊन.